टाचलेला कोट

मागच्या वर्षी श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, रोह्याच्या आत्याने सांगितलं की ती गेल्यावर माहेरहून साडी आणू नये. कोट आणावा.

तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो. आत्या, तिचा मुलगा, त्याची बायको आणि मी. आत्या नव्वदीला आली होती. मुलगा माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी. मी आत्याच्या भावाची मुलगी. तिचे भाऊ आता कोणी राहिले नाहीत. मी लग्न केलं नाही, वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर पेणच्या घरी परत आले. त्यामुळे आत्याचं माहेर म्हणजे ते घर आणि त्या घरातली मी.

बाई वारली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. सासरच्यांनी आधी नेसवलेलं असतं, त्याच्यावरून माहेरची साडी पांघरतात. ती येईपर्यंत उचलत नाहीत. माहेरी कोणी उरलं नसेल तर गावातलं कोणी माहेरच्या नावाने आणतं, पण आणतं. आत्याने हे सगळं स्वतःच्या सासूच्या वेळी, जावेच्या वेळी पाहिलं होतं. ती काय मागते आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दादाने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. "कोट म्हणजे?"

"कोट म्हणजे कोट. माझा. कपाटातला."

"कपाटात कोट नाय आई. चित्र हाय."

"मग त्याच्यावरून शिव."

वहिनी हसली. दादा हसला नाही. त्याची सगळी नोकरी नागोठण्याजवळच्या कंपनीत झाली, सगळ्या शिफ्टा करून तो निवृत्त झाला, आणि आता आळीत कोणाकडे काही झालं की पहिला तो जातो. बांबू कुठून आणायचे, कोणाला फोन करायचे, हे लोक त्याला विचारतात. आपल्या घरी त्या दिवशी काय दिसेल याचा विचार त्याने लगेच केला असणार.

"रोह्यात मडम जाळली म्हणतील," तो म्हणाला.

"म्हणू देत. मी ऐकायला असणार हाय का?"

"आम्ही असू ना."

"मग तुम्ही ऐका."

कपाटातलं चित्र मी लहानपणापासून पाहत आले आहे. कागद जाडसर आहे, वहीच्या पानापेक्षा मोठा. त्यावर पेन्सिलीने काढलेली एक बाई तिरकी उभी आहे, मान वळवून, एक हात खिशात घालून. चेहऱ्याच्या जागी नुसता लंबगोल. अंगात कोट. तो खांद्यापासून खाली पसरत जातो, कमरेला आवळलेला नाही. कॉलर मोठी आणि उभी. बाह्या मनगटाच्या अलीकडे संपतात आणि तिथे बाहेर दुमडलेल्या आहेत. बटणं चार, पुरीएवढी. पुढची एक कड वाऱ्याने उलटावी तशी उलटलेली दाखवली आहे आणि तिथे आतलं अस्तर दिसतं. कोट पेन्सिल घासून करडा केलेला आहे. अस्तराला लाल रंग हवा होता आणि घरात रंग नव्हते, म्हणून ते कुंकू पाण्यात कालवून रंगवलं. आता ते विटकरी दिसतं. गुडघ्याच्या खाली चित्र थांबतं. बाईला पाय नाहीत आणि कोटाला खालची कड नाही.

हे चित्र आत्याने लग्नाच्या आदल्या वर्षी काढलं. तो काळ पन्नासच्या दशकाच्या मध्याचा. पेणला तेव्हा एक बाई शिवणाचा क्लास चालवत. त्या मुंबईहून आल्या होत्या आणि त्यांच्याकडे परदेशी फॅशनचं एक जुनं मासिक होतं. ते मुलींना हात धुऊन हातात घ्यावं लागे. क्लास संपताना बाईंनी प्रत्येकीला मनाने एक कपडा काढायला सांगितला. बाकीच्यांनी पोलकी आणि झबली काढली. आत्याने कोट काढला. उभं राहण्याची ढब तिने मासिकातल्या एका पानावरून घेतली. ते पान खालून फाटलेलं होतं, म्हणून तिच्या बाईलाही पाय आले नाहीत. "ऐट त्या पानावरची, कोट माझा," असं ती सांगत असे. बाईंनी चित्राच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'छान' लिहिलं. ते अक्षर अजून वाचता येतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. ट्रंकेच्या तळाशी घातलेलं चित्र सासूने पाहिलं. सासूचं म्हणणं आत्या तिच्याच आवाजात सांगायची: "हडळीचे पाय उलटे तरी असतात गो, हिला तर नायतच. बिनपायाची बाय भिंतीवर लावशील तर माझ्याशी गाठ हाय." चित्र भिंतीवर कधी लागलं नाही. ट्रंकेतून ते लोखंडी कपाटात गेलं आणि साड्यांच्या खाली राहिलं. आत्याने आयुष्यात दुसरं चित्र काढलं नाही. शिवणयंत्र घरात होतं, त्यावर तिने मुलांचे कपडे शिवले, आळीतल्या बायकांची पोलकी शिवली. कोट कोणाला नको होता. रोह्याला कोट घालावा अशी थंडी पडत नाही.

त्या श्रावणात दादाने तिला कारण विचारलं. रागाने नाही विचारलं. तो तिच्या पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आता हे कुठून आलं तुझ्या डोक्यात?"

ती म्हणाली, "लग्नातलं लुगडं बापाने दिलं. मग तुझ्या बापाने दिली, सासूने दिली, तू दिलीस, ही देते. सगळी अंगावर घातली, नाय म्हटलं नाय. हा एक मी काढलाय. हा मला घालून पाठवा."

दादा म्हणाला, "शिवून घेऊ. दिवाळीनंतर घाल. घरात घाल, ओटीवर बस. पण त्या दिवशी नको."

आत्याने मान भिंतीकडे वळवली. मला म्हणाली, "साडी आणलीस तर उभ्या उभ्या परत ने."

गणपती गेल्यावर मी पेणला कापड बघितलं. गरम कापड एकाच दुकानात मिळालं. पुरुषांच्या सुटाचं, करडं, अंगावर बारीक रेघ असलेलं. बिनरेघेचं नव्हतं. मी फोन केला तर आत्या म्हणाली रेघ असू दे, आतल्या बाजूने लाव. कापडाची उलटी बाजू खरोखरच साधी करडी होती. अस्तराला लाल साटीन घेतलं. दादाला लाल पटलं नाही. विधवेच्या अंगावर लाल नको, असं त्याने वहिनीमार्फत कळवलं. आत्याने वहिनीमार्फतच उत्तर दिलं, "आतून हाय. कोणाला दिसतंय?"

माझ्या ओळखीची एक शिवणारी पेणला बाजाराच्या मागच्या गल्लीत बसते. चाळिशीची बाई, ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते, गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तींना घालायचे मखमली शेले शिवते. कोट तिने कधी शिवला नव्हता. चित्र तिने हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि पहिला प्रश्न केला, "लांबी कुठं हाय याची?"

मी फोन लावून दिला. आत्या म्हणाली, "घोट्यापर्यंत. पाय झाकले पाहिजेत."

"आजी, फॅशनीत एवढा लांब नसतो."

"माझ्या फॅशनीत असतो."

शिवणारीने विचारलं नाही की हा कोट कशासाठी. मीही सांगितलं नाही. तिला सांगितलं तर ती हात लावणार नाही, असं वहिनीचं म्हणणं होतं. जित्या माणसाचं तसलं वस्त्र कोणी शिवत नाही.

नवरात्रात दादा गुरुजींना भेटला. त्याने काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं हे मी नंतर दोघांकडून वेगवेगळं विचारून घेतलं आहे. दोघांचं सांगणं जुळतं. दादाने विचारलं, माहेरचं म्हणून साडीच्या जागी दुसरं वस्त्र चालेल का. गुरुजी म्हणाले, रंग आणि प्रकार ज्याचा त्याने बघावा, पण वरून पांघरायचं ते कोरं आणि न शिवलेलं हवं. शिवलेलं वस्त्र प्रेतावर पांघरत नाहीत.

दादा घरी आला आणि त्याने हे आईला सांगितलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग तुमच्या आजीला पोलका घातला होता तो काय झाडाला लागला होता?"

"तो आतला. माहेरचं वरून येतं ते वेगळं. आणि हे मी नाय सांगत, गुरुजी सांगतात."

"तुम्ही विचारायला गेलात म्हणून सांगतात."

आत्या जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दादाला चहा पिताना हाक मारली.

"पुन्हा जा गुरुजींकडे. विचार, टाचलेलं चालतं का."

"टाचलेलं म्हणजे?"

"तुला काय कळतंय. तुझ्या चड्ड्या मी आधी टाचायची, मग शिवायची. टाचलेला दोरा ओढला की निघतो. गाठ मारत नाय त्याला."

दादा त्याच दिवशी गेला. तो गेला नसता तरी चाललं असतं, आणि गेल्यावर गुरुजी नाही म्हणाले असं सांगितलं असतं तरी कोणी पडताळायला जाणार नव्हतं. तो संध्याकाळी परत आला, पाय धुतले आणि ओटीवरूनच म्हणाला, "ओढल्यावर सुटतं त्याला शिवण म्हणत नाहीत, असं म्हणाले."

वहिनीने सांगितलं की आत्या तेव्हा भात जेवली आणि वरून ताक मागितलं.

दादा मात्र तिच्याशी शेवटपर्यंत वाद घालत राहिला. त्याचं म्हणणं आता बदललं होतं. लोकांचं नाव तो घेत नव्हता. तो म्हणत होता की टीप मारून घे, बटणं लाव आणि जिवंतपणी घाल. "एवढी वर्षं वाट बघितलीस ती जळायला?" असं तो एकदा माझ्यादेखत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. हा प्रश्न खरा होता. यंत्रावर पक्की शिवण घातली तर आत्याला कोट अंगात घालता येणार होता, पण बरोबर नेता येणार नव्हता. टाचलेलाच ठेवला तर नेता येणार होता, पण घालता येणार नव्हता. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं.

ती म्हणाली, "बघू. आधी अंगाला लावून बघते."

दिवाळीनंतर शिवणारी आणि मी पेणहून गाडीने रोह्याला गेलो. कोट कच्च्या टाक्यांनी जोडून तिने पिशवीत घातला होता. गाडी कासूला बराच वेळ थांबली. तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. नागोठण्याला भाजीवाल्या बायका चढल्या, एकीने विचारलं काय हाय त्यात, तेव्हा ती म्हणाली, "फॉरेनचा कोट." निडी गेल्यावर तिने मला विचारलं, "आजी कुठं निघाल्यात एवढ्या वयात?" मी म्हटलं, त्यांनाच विचार.

तिने घरात शिरल्याशिरल्या विचारलं.

"लांब," आत्या म्हणाली.

"थंडी असेल तिकडं."

"असेल. आलेलं कोणी भेटलं नाय सांगायला."

वहिनी मध्येच म्हणाली, "नातीकडे. परदेशात असते नात." नात परदेशात आहे हे खरं आहे. आत्या तिच्याकडे निघाली होती हे खरं नाही. शिवणारीला ते पटलं. तिने आत्याला उभं केलं, पाठीकडून बाह्या घातल्या, पुढची कड जुळवली, तोंडात धरलेल्या टाचण्या काढून जिथे हवं तिथे लावल्या.

करड्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके सगळीकडून दिसत होते. खांद्यावर, बाह्यांवर, पुढच्या कडांना. आत्या चित्रातल्या बाईपेक्षा बुटकी होती आणि पाठीतून वाकली होती. कोट खांद्यावरून चित्रातल्यासारखा पसरला आणि घोट्याला टेकला. कॉलर मात्र उभी राहत नव्हती, मागे पडत होती. आत्याने दोनदा तिला हात लावला. शिवणारीने आतून टाचण्या खोचून ती उभी केली.

कपाटाच्या आरशासमोर आत्या उभी राहिली. तिने डावा हात खिशात घातला आणि मान वळवली. चित्रात हात उजवा आहे. आरशात मात्र तो बरोबर बाजूला दिसला असणार.

दादा दारात उभा होता. शेवटी तो म्हणाला, "आई, टीप मारून घे गो." आईला तो 'गो' कधी म्हणत नसे, बाहेरच्या बायकांना म्हणत असे.

शिवणारीला वाटलं ते काम तिलाच सांगितलंय. "मारतेच की. आठवड्यात देते. बटणं पण आणलीत मी, बघा आजी." तिने पिशवीतून चार मोठी काळी बटणं काढून पलंगावर ठेवली.

आत्याने बटणं बघितली. एक उचललं, कोटाच्या पुढच्या कडेवर धरलं, आरशात पाहिलं आणि परत ठेवलं.

"राहू दे. टाचलेलाच ठेव."

"टाचलेला घालता नाय येणार आजी. दोन वेळा हात घातलात की बाही सुटून हातात येईल."

"दोन वेळा कोण घालतंय?"

शिवणारी हसली. दादा दारातून गेला. तो मागच्या अंगणात होता, असं वहिनी म्हणाली.

कोट काढताना आत्याने शिवणारीला हळू हळू काढायला सांगितलं, एकही टाका तुटला नाही. बटणं शिवणारीने आपल्याकडे ठेवली. आजी निघायच्या आधी कोट माझ्याकडे पाठवा, टीप मारून बटणं लावून देते, असं तिने मला गाडीत दोनदा सांगितलं. कोट माझ्याबरोबर पेणला आला. तो माहेरहूनच यायला हवा होता. मी तो जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवला. चित्रही आत्याने सोबत दिलं. "बघायला लागेल," एवढंच ती म्हणाली.

आत्या पौषात गेली, सकाळी, घरी, झोपेत. आधी दोन दिवस ती अन्न घेत नव्हती.

दादाचा फोन आला. तो म्हणाला, "आई गेली. येताना घेऊन ये." काय, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. शेजारच्या बाईंनी घाईने एक नवी साडीही माझ्या पिशवीत घातली, असू दे म्हणून. मी ती नेली. रोह्याला काय होईल ते मला सांगता येत नव्हतं. हयात असताना माणूस हो म्हणतो, आणि ओटीवर पंचवीस माणसं जमल्यावर घरचे दुसरं करतात, हे मी खूप वेळा पाहिलं आहे.

जीप मिळाली. मी पोचले तेव्हा ओटी भरलेली होती. बांबू बांधून झाले होते. आत्याला आंघोळ घालून पांढऱ्यावर निळी बुट्टी असलेली साडी नेसवली होती. थांबले होते ते फक्त माझ्यासाठी.

"माहेरचं आलं," कोणीतरी म्हणालं.

मी पिशवीतून गुंडाळी काढली आणि सोडली. शेजारची एक म्हातारी पुढे आली, आत्याच्याच वयाची. तिने कापडाला हात लावला. "हे काय गो? घोंगडी हाय का?"

मी दादाकडे बघितलं. साडी अजून पिशवीत होती.

दादा उठला. तो म्हणाला, "कोट हाय. आईने काढलेला." मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शिवलेला नाय. टाचलेला हाय. गुरुजींना विचारलंय."

गुरुजी तिथेच होते. त्यांनी मान हलवली. मागे कोणी तरी हसलं, आणि कोणी तरी त्याला गप्प केलं. मडम हा शब्द मी ऐकला नाही. कोणी उच्चारला असेल तर माझ्यापर्यंत आला नाही.

नुसता पांघरला तर तो घोंगडीसारखाच दिसला असता. बाह्या हातात जायला हव्या होत्या आणि हात आता वळत नव्हते. काय करावं ते कोणालाच कळेना. वहिनी खाली बसली. तिने बाहीच्या खालच्या अंगाचा पांढरा दोरा नखाने उचलला आणि ओढला. तो पूर्ण लांबीचा निघून आला. बाही उघडी झाली. तिने ती हातावरून घातली आणि खाली दुमडली. दुसरी बाही तशीच. पाठीचा मधला दोरा ओढल्यावर पाठ दोन भागांत मोकळी झाली, एकेक भाग एकेका बाजूने अंगाखाली सारता आला. ओढलेले दोरे वहिनीने मुठीत धरून ठेवले.

आता पुढच्या दोन कडा राहिल्या होत्या. वहिनीने डावी उजवीवर घेतली, शर्टाची घेतात तशी.

"थांब," दादा म्हणाला. "तसं नाय ते." मला म्हणाला, "चित्र आणलंस ना?"

मी दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं. बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघितलं, चित्र आईच्या दिशेला फिरवून पुन्हा बघितलं. म्हणाला, "उजवी वर. बायकांची उजवी वर असते."

वहिनीने उजवी वर घेतली. वरच्या कोपऱ्याशी कड थोडी उलटी राहिली, तिथे लाल अस्तर दिसत होतं. वहिनी ती सरळ करायला गेली. दादाने तिचा हात धरला. कड तशीच राहिली. कॉलर उभी होती. कोट घोट्यापर्यंत आला, पाय झाकले गेले. म्हातारीने वाकून पदराच्या टोकाने आत्याचं कपाळ पुसलं. "कशी दिसते बघ गो," ती वहिनीला म्हणाली. "तरणी असताना अशीच मान करायची."

मग उचललं.

नेलेली साडी मी पेणला परत आणली आणि शेजारच्या बाईंना दिली.

तिसऱ्या दिवशी दादा आणि दोघं-तिघं नदीकाठी सावडायला गेले. दादाने अस्थी वेचल्या. राखेत त्याला एक टाचणी सापडली, काळी पडलेली, डोकं वितळून गेलेली. त्याने ती खिशात घालून घरी आणली आणि वहिनीला विचारलं, तुझी का. वहिनी म्हणाली, माझी नाही, मी त्या दिवशी अंगावर टाचणी लावली नव्हती. साडीला लावलेली असेल का, तर तीही आठवत नव्हती कोणाला. त्याने ती देवघराच्या खालच्या खणात ठेवली.

चित्र दादाने ठेवून घेतलं. ते त्याने रोह्यालाच काच लावून घेतलं आणि ओटीवरच्या भिंतीला लावलं. पाय नाहीत म्हणून आता कोणी बोलायला नाही.

शिवणारीला मी माघात भेटले. ती दुकानात एकटी होती. मला पाहून तिने खणातून बटणांची पुडी काढली. "आजी निघाल्या का? कोट नाय आणलात टीप मारायला?"

मी तिला सांगितलं. कोट कशासाठी होता, तो टाचलेलाच का ठेवला आणि काय झालं, हे सगळं सांगितलं. तिने यंत्राच्या चाकावरचा हात काढला. पुडी हातातच होती.

"आधी सांगितलं असतंत तर मी केला नसता," ती म्हणाली.

मी म्हटलं, माहीत आहे.

मग तिने विचारलं, "कॉलर उभी राहिली का?"

"राहिली."

"राहणारच. आतून मी टाचण्या ठेवल्या होत्या. काढायच्या राहिल्या माझ्या." तिने पुडी माझ्याकडे सरकवली. "दोन होत्या. डावीकडे एक, उजवीकडे एक."

मी रोह्याला फोन करून दादाला सांगितलं. त्याला राखेत एकच सापडली होती. दुसरी सापडलेली नाही.